गहू-दुधाचे पथ्य आणि बेंगळुरूचे स्वयंपाकघर

स्वमग्न मुलाच्या ताटातून गहू आणि दूध काढून टाकण्याचे पथ्य निघाले ते पावावर जगणाऱ्या युरोपात. डच बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके सिलिअ‍ॅक या आतड्याच्या आजाराच्या मुलांवर उपचार करत. त्या मुलांना गहू बाधतो, असा त्यांना संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि त्या काळातल्या अनुभवाने त्यांचा संशय पक्का झाला. कणकेला चिवटपणा देणारे ग्लूटेन हे प्रथिन त्यामागे असल्याचे पुढे सिद्ध झाले. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॉ. डोहान यांनी युद्धकाळातला गव्हाचा तुटवडा आणि स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची घटलेली भरती यांचा संबंध मांडला. पोटाचा विषय अशा रीतीने मेंदूपर्यंत पोहोचला.

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन केले, तेव्हा अकरापैकी सहा मुलांना अगदी तान्हेपणापासून खाण्याची मोठी अडचण असल्याचे नोंदवले होते. पुढे १९७९ मध्ये याक पांक्सेप यांनी या मुलांच्या मेंदूत अफूसारख्या द्रव्यांचा प्रभाव असावा, असा तर्क मांडला. नॉर्वेतील काल्ले रायखेल्ट यांनी तो अन्नाशी जोडला: गव्हातले ग्लूटेन आणि दुधातले केसीन ही प्रथिने नीट पचली नाहीत, तर त्यांचे अर्धवट तुकडे रक्तात उतरतात आणि मेंदूवर गुंगी आणतात. तर्क डोळ्यांसमोर उभा राहणारा होता, घरच्या घरी करून पाहता येणारा होता. मुलाला बोलते करण्याचा दुसरा मार्ग न सापडलेल्या पालकांनी तो धरला, यात नवल नाही. १९९०च्या दशकात अमेरिका आणि इंग्लंडमध्ये पालकांच्या पुढाकाराने हे पथ्य घरोघर पसरले.

बेंगळुरूत त्याच सुमारास स्वमग्नतेचे काम वेगळ्या वाटेने उभे राहत होते. शहरात १९७४ पासून निमहान्स ही मानसिक आरोग्याची मोठी संस्था होतीच. १९९५ मध्ये ‘आशा’ ही स्वमग्न मुलांसाठीची संस्था सुरू झाली आणि २००० मध्ये प्रतिभा कारंथ यांनी लहान मुलांच्या वाचा-भाषेवर भर देणारा ‘कॉम डील’ उपक्रम सुरू केला. स्वमग्नतेला १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्थान मिळाले, १९९५च्या अपंगत्व कायद्यात ते नव्हते. संगणक-व्यवसायामुळे परदेशाशी नित्य संबंध असलेल्या या शहरात पथ्याची माहिती पोहोचायला फार वेळ लागण्याचे कारण नव्हते.

येथे या पथ्याने एक वेगळेच वळण घेतले. युरोपातल्या आईला पाव सोडताना जेवणाची सारी मांडणीच मोडावी लागे. बेंगळुरूच्या जुन्या जेवणात गहू फारसा नव्हताच. भात, पातळ आमटीसारखे सारू, नाचणीचे मुद्दे म्हणजे गोळे, इडली, डोसा यांत ग्लूटेन नाही. येथे स्थिरावलेल्या मराठी घरांत जोंधळ्याची आणि तांदळाची भाकरी होती. मराठी माणसांचा या शहराशी संबंध शहाजीराजांना १६३८ मध्ये बेंगळुरूची जहागीर मिळाली, तेव्हापासूनचा आहे. गहू रोजच्या न्याहरीत शिरला तो अलीकडे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश हातातून गेल्यावर तांदळाची टंचाई झाली आणि मावळ्ळी टिफिन रूम्सने रव्याची इडली काढली, असे तिथे सांगितले जाते. उपाहारगृहातल्या चौचौ भातातल्या दोन्ही मुदी, खारा भात आणि केसरी भात, रव्याच्याच. नावात भात आहे म्हणून त्या चालतील, असे समजणे चुकीचे ठरते.

खरी नजर ठेवावी लागते ती लपलेल्या गव्हावर. डबीतल्या हिंगाच्या पुडीत डिंकाबरोबर अनेकदा मैदा मिसळलेला असतो, आणि सारूच्या फोडणीत चिमूटभर हिंग पडल्याशिवाय चुलीवरून भांडे उतरत नाही. थालिपिठाच्या भाजणीतही पुष्कळ घरी मूठभर गहू असतो. खपली गहूही गहूच. पचायला हलका मानला जात असला, तरी तो या पथ्यात चालत नाही.

दूध सोडणे मात्र येथे फार कठीण. मोसरन्न, म्हणजे दहीभात, हा जेवणाचा शेवट. खाण्याच्या बाबतीत हटून बसणाऱ्या मुलाचा अनेकदा तोच एकमेव मऊ, ओळखीचा, आवडता घास असतो. २०१३ पासून सरकारी शाळांत ‘क्षीरभाग्य’ योजनेतून दूध दिले जाते. म्हणजे घरात पाळलेले पथ्य शाळेच्या पेल्यात मोडू शकते.

दरम्यान शास्त्रीय तपासणीत या पथ्यामागच्या तर्काची बाजू कमकुवत होत गेली. २००२ मध्ये नॉर्वेत वीस मुलांच्या वर्षभराच्या अभ्यासात सुधारणा दिसली, पण कोणते मूल पथ्यावर आहे हे पालकांना माहीत होते. २००६ मध्ये फ्लोरिडातील पंधरा मुलांच्या बारा आठवड्यांच्या प्रयोगात हे पालकांपासूनही लपवले होते. चाचण्यांत फरक आढळला नाही, तरी काही पालकांनी फरक जाणवल्याचे सांगितले. २००८ मध्ये इंग्लंडमध्ये मुलांच्या लघवीत ते अफूसदृश तुकडे सापडले नाहीत. २०१३ मध्ये ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठी हे पथ्य वापरू नये, असे मार्गदर्शन दिले. २०१६ मध्ये रोचेस्टर विद्यापीठाच्या चौदा मुलांच्या अभ्यासातही परिणाम दिसला नाही. हे आकडे छोटे आहेत, पण लपवून केलेल्या प्रयोगांचा कल एकाच बाजूला आहे.

सिलिअ‍ॅक किंवा दुधाची अ‍ॅलर्जी खरोखर असेल, तर मात्र पथ्य आवश्यकच. सिलिअ‍ॅकसाठीची रक्ततपासणी गहू चालू असतानाच करावी लागते. गहू आधी सोडला, तर आजार असूनही तपासणी कोरी येऊ शकते. अनेक घरांची गल्लत नेमकी इथे होते.

दूध काढल्यावर हाडांचा प्रश्न उरतो. २००८ मध्ये अमेरिकेत पंचाहत्तर स्वमग्न मुलग्यांच्या हाडांची पाहणी झाली, तेव्हा हाडांची जाडी अपेक्षेपेक्षा कमी निघाली आणि दूधरहित आहारावरच्या मुलांत ती तूट जास्त होती. या ठिकाणी जुन्या म्हैसूरचे धान्य उपयोगी पडते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, गाईच्या तितक्याच दुधात सुमारे एकशेवीस. नाचणीतले सगळे कॅल्शियम अंगी लागत नाही. म्हणून ती रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणतात, सावलीत सुकवतात, मंद भाजून दळतात आणि वस्त्रगाळ करून तिची पातळ सरी शिजवतात. दक्षिण कर्नाटकात तान्ह्या बाळाला पहिल्यांदा भरवतात तीच ही सरी, मराठी घरातले नाचणीचे सत्त्व.