माणसे बदललेले शहर : व्रोत्स्वाफ

संपादक मंडळाने सांगितले, “शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार आहेत, तू तिकडचे काहीतरी लिही.” ‘तिकडचे’ म्हणजे पोलंडमधले. कंपनीच्या कामामुळे मी काही काळ व्रोत्स्वाफ या शहरात राहिले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात दुसरे महायुद्ध दोन-अडीच पानांत संपायचे आणि नकाशावरच्या सीमा सरकल्या की आपण त्या पेन्सिलीने सरकवायचो. ती रेघ सरकते तेव्हा माणसांचे काय होते, ते मला या शहरात कळले.

आधी नाव. १९४५ पर्यंत या शहराला जग ‘ब्रेस्लाउ’ म्हणत असे. ओद्रा नदीच्या काठी, अनेक बेटांवर आणि पुलांवर पसरलेले हे गाव इ.स. १००० मध्ये बिशपचे ठाणे झाले, तेव्हा ते पोलिश राजाकडे होते. मग ते बोहेमियाकडे, ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्गांकडे, १७४० च्या दशकात प्रशियाकडे आणि तिथून जर्मन साम्राज्यात गेले. राज्यकर्त्यांची ही यादी पाठ करण्यात अर्थ नाही. लक्षात ठेवायचे ते एवढेच, की विसाव्या शतकात ते सव्वासहा लाख वस्तीचे, बोलीने आणि मनाने जर्मन शहर होते. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणारा फ्रिट्झ हाबर इथला, क्वांटम यांत्रिकीतला माक्स बॉर्नही इथलाच. दोघेही ज्यू कुटुंबांतले, दोघेही नोबेलचे मानकरी आणि १९३३ मध्ये दोघांनाही जर्मनी सोडावी लागली. इथल्या ज्यूंची हत्या किंवा हकालपट्टी नाझींनी युद्ध संपण्याआधीच पुरी केली होती.

मग जर्मनांची पाळी आली. हिटलरने शहराला ‘किल्ला’ घोषित केले. जानेवारी १९४५ मध्ये, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, बायकामुलांना पायी बाहेर पडायचा हुकूम झाला. फेब्रुवारीत सोव्हिएत सैन्याचा वेढा पडला. आत विमान उतरवता यावे म्हणून जर्मन सैन्याने आपल्याच शहरातली घरे पाडून मधोमध धावपट्टी केली. बर्लिनने २ मे रोजी शस्त्रे ठेवली, ब्रेस्लाउने ६ मे रोजी. तोवर शहराचा बहुतांश भाग ढिगारा झाला होता.

विजेत्यांनी पोलंडचा नकाशा पश्चिमेकडे सरकवला. पूर्वेकडचा मोठा पट्टा सोव्हिएत युनियनकडे गेला आणि भरपाई म्हणून जर्मनीचा पूर्वभाग पोलंडला मिळाला. दोन-तीन वर्षांत ब्रेस्लाउचे जवळजवळ सगळे जर्मन गाड्यांत बसवून पश्चिमेला पाठवले गेले आणि त्यांच्या घरांत पोलिश माणसे राहायला आली. भांडी, पलंग, भिंतीवरची घड्याळे आधीच्यांचीच. फाळणीनंतर पंजाब-सिंधमध्ये जे झाले त्याची आठवण होते, पण इथे साऱ्या शहराचीच माणसे बदलली.

आपल्यापैकी अनेकांनी वळिवडे पाहिले आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत बहुसंख्य बायका-मुले. सोव्हिएतांनी सायबेरियाकडे नेलेली यांतली बरीच कुटुंबे याच पूर्वेकडच्या पट्ट्यातली. युद्ध संपले तरी त्यांना ‘घरी’ जाता येईना, कारण घर दुसऱ्या देशात गेले होते. व्रोत्स्वाफला आलेल्या अनेकांचीही गत तीच होती.

नव्या वस्तीत सगळ्यांत जास्त संख्या मध्य पोलंडमधल्या लोकांची, पण शहराला वळण लावले ते ल्वूफहून, म्हणजे आज युक्रेनमध्ये असलेल्या ल्विवहून, आलेल्यांनी. तिथल्या विद्यापीठाचे माजी कुलगुरू इथले पहिले कुलगुरू झाले. १५ नोव्हेंबर १९४५ रोजी पहिले व्याख्यान झाले, वेढा उठून जेमतेम सहा महिने झाले होते.

आपल्या वर्गातल्या गणितवाल्यांसाठी इथे जरा रेंगाळते. ल्वूफच्या ‘स्कॉटिश कॅफे’त स्तेफान बानाख आणि मंडळी टेबलाच्या संगमरवरावरच गणिते सोडवत. पुसली जाऊ नयेत म्हणून बानाखच्या बायकोने, वूत्सियाने, एक जाड वही आणून दिली. न सुटलेले प्रश्न त्यात लिहायचे आणि पुढे बक्षीस. एका प्रश्नाला बक्षीस होते जिवंत हंस! १९३६ मधला तो प्रश्न १९७२ मध्ये पेर एन्फ्लो या स्वीडिश गणितज्ञाने सोडवला आणि त्याला वॉर्सात खरोखर हंस देण्यात आला. बानाख १९४५ मध्ये ल्वूफमध्येच वारला. ती वही त्याच्या बायकोबरोबर व्रोत्स्वाफला आली. ह्युगो श्टाइनहाउस हा त्याचा ज्येष्ठ सहकारी, जातीने ज्यू. युद्धकाळ त्याने खोट्या नावाने खेड्यात लपून काढला होता. त्याने व्रोत्स्वाफमध्ये १९४६ साली नवी वही सुरू केली. जुनी वही हाताने उतरवून त्याने अमेरिकेला उलामकडे पाठवली, म्हणून ती जगाला ठाऊक झाली.

वस्तूही आल्या. मुख्य चौकात प्रशियाच्या राजाचा अश्वारूढ पुतळा होता. त्या जागी १९५६ मध्ये ल्वूफहून आलेला आलेक्सांदर फ्रेद्रो बसवला. हा विनोदी नाटककार! घोड्यावरच्या राजाच्या जागी खुर्चीत बसलेला लेखक, हा बदल मला मनापासून आवडतो. ‘रात्सवावित्से’चे ११४ मीटर लांबीचे गोल चित्रही आले. त्यात १७९४ मध्ये पोलिश शेतकऱ्यांनी रशियन तोफांवर केलेली चाल आहे. रशियन ‘मित्रां’ना ते कसे रुचावे? चित्र गुंडाळून ठेवले गेले आणि लोकांना दिसले ते थेट १९८५ मध्ये.

पण मन रुजायला वेळ लागला. जर्मन परत येतील, या धास्तीने लोक बॅगा बांधूनच राहत, असे तिथे सांगतात. पश्चिम जर्मनीने ही सीमा मान्य केली ती १९७० मध्ये. सरकार एकीकडे या मुलखाला ‘परत मिळवलेली भूमी’ म्हणे आणि दुसरीकडे इथल्या विटा वॉर्साच्या बांधकामासाठी नेई. भिंतींवरची जर्मन अक्षरे खरवडली, दफनभूमी मोडून थडग्यांचे दगड बांधकामाला वापरले. आपले सगळे गमावून आलेल्यांनी दुसऱ्यांच्या मेलेल्यांशी असे वागावे, हे मला अजून पचत नाही. इथलेच धर्मगुरू बोलेस्वाफ कोमिनेक यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये पोलिश बिशपांनी जर्मन बिशपांना पत्र लिहून क्षमा केली आणि क्षमा मागितलीही. त्याबद्दल सरकारने त्यांच्यावर झोड उठवली.

१९५९ मध्ये ‘एल्व्रो’ कारखाना निघाला आणि नदीच्याच नावाचे ‘ओद्रा’ संगणक बनवू लागला. त्यातला एक इथल्या रेल्वे यार्डात २०१० पर्यंत चालू होता! माझ्या धंद्यात दहा वर्षे जुन्या यंत्राला म्हातारे म्हणतात. १९८० च्या दशकात सरकारविरोधी घोषणा पुसून पांढरा रंग दिलेल्या जागांवर तरुण पोरे ठेंगू बुटके रंगवून जात. आज त्या बुटक्यांचे ब्राँझचे पुतळे गल्लोगल्ली दिसतात.

जुलै १९९७ मध्ये ओद्राला महापूर आला. २००५ आणि २०१९ चे पूर पाहिलेल्या आपल्या मंडळींना वेगळे सांगायला नको. जर्मनांनी पुराची जागा म्हणून मोकळी सोडलेल्या कोझानूफमध्ये नंतर मोठ्या इमारती उठल्या होत्या, तिथे पाणी शिरले. नदी ओळखणारी माणसे १९४५ मध्येच निघून गेली होती. पण त्या दिवसांत अनोळखी लोक रात्रभर रांगा लावून वाळूची पोती एकमेकांकडे देत होते. ल्वूफहून आलेल्या ‘ओसोलिनेउम’ ग्रंथालयातली पुस्तके लोकांनी हातोहात वरच्या मजल्यांवर पोहोचवली. ज्यांची जुनी गल्ली वाचली त्यांच्यासाठी ती घरे आता जर्मनांची राहिली नव्हती. “आम्ही खरे व्रोत्स्वाफचे झालो ते पुरात,” असे मला तिथल्या साठीतल्या एका सहकाऱ्याने सांगितले. त्याची आई ल्वूफची.

त्यानंतर अकरा वर्षांनी, २००८ मध्ये, शहराने एका बागेत एक लांब भिंत उभारली. तिच्यात मोडलेल्या दफनभूमींतले उरलेले जर्मन दगड बसवले आहेत. मी गेले त्या दिवशी तिथे दोन पणत्या जळत होत्या. कोणी लावल्या, ते विचारायला आसपास कोणी नव्हते.