भिंती काळ्या-पांढऱ्या नव्हत्या



आपल्या सगळ्यांच्या घरी आजोबा-पणजोबांचे काळे-पांढरे फोटो आहेत. ते बघून बघून आपली एक समजूत झाली आहे, की जुनं मराठी घर म्हणजे पांढऱ्या भिंती आणि साधेपणा. फ्लॅटला रंग द्यायची वेळ आली की आपण हमखास म्हणतो, "लाईट शेडच बरी, आपल्यात भडक चालत नाही." मला हे पटत नाही. रंग नव्हता तो फोटोत. घरात भरपूर होता.

पुरावा रावपुऱ्यातच उभा आहे. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांचा चार मजली लाकडी वाडा आज पुरातत्त्व खात्याकडे आहे. बाहेरून बघाल तर त्यात काही विशेष वाटत नाही. पण वरच्या मजल्यावर जा. भिंतींवर कृष्णाच्या कथा, महाभारतातले प्रसंग, मराठे-इंग्रजांची लढाई, अगदी गोऱ्या मडमासुद्धा! मोकळी जागा शोधावी लागते. आणि हा काही राजवाडा नव्हे की देऊळ नव्हे, माणसं राहत होती तिथे. ही आवड आपल्या लोकांनी येताना बरोबरच आणलेली होती. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातही भित्तिचित्रं आहेत.

आता कोणी म्हणेल, ते दिवाण, त्यांना परवडत होतं. पण साध्या घरातही रंग होता, कारण तो स्वस्त होता. चुना भिजवायचा, त्यात नीळ, गेरू, पिवडी नाहीतर हिरमुजी कालवायची आणि दिवाळीच्या आधी घरच्यांनीच हात मारायचा. आमचे गुजराती शेजारी त्याला 'धोळ' म्हणायचे, आम्हीही तेच म्हणायला लागलो. आमच्या घरी ओसरी निळी, माजघर पिवळंधमक आणि देवाचा कोनाडा हिरमुजी लाल. आजी म्हणायची, "अंधारात पांढरं काय दिसणार? राखेसारखं दिसतं." त्यात तथ्य आहे. पोळातलं घर म्हणजे दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती, माजघराला खिडकीच नाही. समईच्या पिवळ्या उजेडात फिका रंग मरतो. पिवळा आणि लाल उजळतो. घरं अशी होती म्हणून रंग असे होते.

पुढे भिंतीवर चित्रं आली. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून चौदा पौराणिक चित्रं काढून घेतली, हे आपल्याला माहीत असतं. त्या आधीचे बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव हे तंजावरकडचे मराठी. चित्रांच्या छापील प्रती काढा, म्हणजे ती घरोघर जातील, असं रविवर्म्याला त्यांनीच सुचवलं होतं. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला. एकेका रंगाला वेगळा दगड, अशी ती छपाई. ज्यांना राजवाड्याचं दार कधी उघडणार नव्हतं, त्यांच्या माजघरात लाल शालूतली लक्ष्मी येऊन बसली. आमची तर निळ्या भिंतीवर होती, सोनेरी चौकटीत.

मग वीज आली, ट्यूबलाइट आली, डिस्टेंपर आला. भगभगीत पांढऱ्या उजेडात जुने रंग डोळ्यांवर येऊ लागले आणि एकेक घर फिकट होत गेलं. त्यात चूक कोणाचीच नाही. फक्त ती फिकट घरं म्हणजेच आपली परंपरा, असं समजू नये इतकंच.

हे आज लिहायचं कारण म्हणजे आमचं पोळातलं घर पुढच्या महिन्यात पाडणार आहेत. काकांनी आणि आम्ही मिळून ठरवलंय, घर राहण्याजोगं उरलेलं नाही. परवा माजघराची भिंत चाकूने हलकेच खरवडली. वर क्रीम, खाली पोपटी, त्याखाली चुन्याचे पापुद्रेच पापुद्रे आणि सगळ्यांत आत आजीची पिवडी. तळहाताएवढा तुकडा काढून डब्यात ठेवला आहे.

तुमच्यापैकी कोणाचं जुनं घर उतरवायचं असेल, तर बाहेरच्या नक्षीचा फोटो सगळेच काढतात. तुम्ही आतली भिंत जरा खरवडून बघा. रंगीत फोटो काढा आणि कोणत्या खोलीत कोणता रंग होता ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत.