तेलाचा डबा आणि पंधरा कर्मादानं



गेल्या संवत्सरीचं प्रतिक्रमण आटोपल्यावर नातीनं विचारलं, "दादी, दवग्गिदावणया म्हणजे काय गं?" सातव्या व्रतात पंधरा कर्मादानांची नावं आपण दर वेळी म्हणतो. श्रावकानं करू नयेत असे ते पंधरा धंदे. मी सांगितलं, रानाला आग लावणं. आणि त्याच्या पुढचं सरदहतलायसोसणया म्हणजे तळी, सरोवरं आटवणं. जंतपीलण म्हणजे यंत्रात पिळणं, घाणा वगैरे. ती म्हणाली, "मग आपल्या घरात तर यातलं कोणीच काही करत नाही."

मीही चाळीस वर्षं असंच समजत होते. पण दुसऱ्या दिवशीच्या पारण्यासाठी आणलेला पंधरा किलोचा डबा तिथेच कोपऱ्यात होता, पामोलिनचा. त्यामुळे आज तेलाची गोष्ट लिहिते.

मी लग्न होऊन आसेगावला आले तेव्हा घरात तेल म्हणजे करडई, तीळ, भुईमूग. जवसाची चटणी असायची आणि सरकी ढोरांना जायची. गावाकडे तेल्याच्या घाण्यावर आपलीच करडई नेऊन द्यायची, तेल घरी आणायचं, ढेप गोठ्यात. सासूबाई सांगायच्या की त्यांच्या लहानपणी तेल पळीनं नाही, चमच्यानं वाढत. खोटं नाही ते. 1960 च्या सुमारास आपल्या देशात माणशी वर्षाला तीन-साडेतीन किलो तेल लागायचं. आज ते वीस किलोच्या घरात आहे.

घाण्याची गोष्ट आपल्या विदर्भाला फार जवळची आहे. 1934 च्या डिसेंबरात गांधीजींनी वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला. जे. सी. कुमारप्पा त्याचं काम पाहत. मगनवाडीत बैलाच्या घाणीवर प्रयोग झाले आणि सुधारलेली 'वर्धा घाणी' तिथून गावोगावी गेली. गांधीजींचा वनस्पती तुपाला कडक विरोध होता, कारण ते खऱ्या तुपाचं सोंग घेऊन विकलं जातं आणि गावचा घाणा बसवतं. पण त्याच दशकात मुंबईत शिवडीला वनस्पतीचा कारखाना उभा राहिला आणि डालडा घरोघरी पोचला. डब्यावर हिरवं ताडाचं झाड होतं, आठवतं ना? गंमत म्हणजे त्या काळात आत बहुतेक भुईमुगाचं तेल असायचं. डब्यावरच्या झाडाचं तेल देशात खऱ्या अर्थानं आलं ते फार नंतर.

1983 साल माझ्या वयाच्या बायका विसरणार नाहीत. साबणाच्या नावानं परदेशातून येणारी गाईची चरबी काही ठिकाणी वनस्पतीत मिसळली जाते, हे उघड झालं. देशभर संताप झाला, सरकारनं त्या चरबीच्या आयातीवर बंदी घातली. सगळ्यांनीच भेसळ केली होती असं नाही, पण आमच्या सासूबाईंनी काही ऐकून घेतलं नाही. डबा बाहेर, कढया राखेनं घासल्या, आणि आठ दिवस त्यांनी विगय त्याग केला. त्यानंतर आमच्याकडे वनस्पती आलं नाही.

पण तेव्हाच दुसऱ्या दारानं पामतेल आलं होतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून सरकार मलेशियाहून ते आणून रेशनवर देत होतं. हिवाळ्यात थिजायचं, चव नव्हती, "गुडघे धरतात यानं" असं बायका म्हणायच्या. तरी आम्ही ते घेतलं. झाडाच्या फळाचं तेल, त्यात चरबी कुठून येणार? सासूबाईंनी दुकानदाराला एकच प्रश्न विचारला, "यात काही जनावराचं नाही ना?" तो नाही म्हणाला आणि खरंच बोलला. आपण तेवढंच विचारत आलो.

मधे 1986 मध्ये तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झालं, काही वर्षं देश तेलाच्या बाबतीत जवळजवळ स्वतःच्या पायावर उभा राहिला. मग 1994 मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. सुरुवातीला कर 65 टक्के होता, 1998 पर्यंत तो 15 टक्क्यांवर आला. मी बी.कॉम. आहे, मला असे आकडे वाचायची खोड आहे. त्या चार वर्षांच्या आकड्यांत आपल्याकडची करडई शेतातून का गेली याचं निम्मं उत्तर आहे. उरलेलं निम्मं म्हणजे सोयाबीन, जे लवकर निघतं आणि लगेच नगदी पैसा देतं. 1998 च्या 1 जुलैला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून आपला जिल्हा सोयाबीनचाच म्हणायचा.

आज भारत जगात सगळ्यात जास्त पामतेल आयात करणारा देश आहे, बहुतेक इंडोनेशिया आणि मलेशियातून. हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेचं. 1848 मध्ये त्याची चार रोपं जावा बेटावर बोगोरच्या बागेत लावली होती. पुढे तिथे आणि शेजारी लाखो हेक्टरवर लागवड झाली. आणि ती कशी, हे वाचलं तेव्हा मला नातीचा प्रश्न आठवला. तिथे पाण्यात कुजलेल्या पाचोळ्याची दलदलीची रानं आहेत, हजारो वर्षांची. चर खणून आधी पाणी काढून टाकतात. मग झाडं तोडून पेटवतात. वाळलेली ती जमीन आतल्या आत महिनोन्महिने धुमसते. 1997 आणि 2015 मध्ये त्याचा धूर सिंगापूरपर्यंत गेला. ओरांगउटानसारखे प्राणी पळणार कुठे? आणि त्या ओल्या मातीतले असंख्य जीव तर कोणी मोजलेच नाहीत.

पाणी आटवणं, रान जाळणं, मग यंत्रात पिळणं. पंधरापैकी तीन कर्मादानं एका डब्यात, आणि लाकूडतोडीचं वनकर्म धरलं तर चार. सगळंच पामतेल असं येत नाही, हेही सांगते. जंगल न तोडता केलेल्या लागवडीला प्रमाणपत्र देणारी व्यवस्था आहे, पण आपल्या किराणा दुकानात ती खूण मला दिसलेली नाही.

मग सोयाबीनचं तेल घ्यावं का? इथे मी अडले. ताडाच्या बागेतून हेक्टरी तीन-चार टन तेल निघतं. आपलं कोरडवाहू सोयाबीन हेक्टरी साधारण टनभर, त्यात तेल शेकडा अठरा, म्हणजे पावणेदोनशे किलो. तेवढंच तेल सोयाबीनमधून काढायचं तर पंधरा-वीस पट जमीन लागेल. शिवाय सोयाबीनची ढेप मोठ्या प्रमाणावर कोंबड्यांच्या खाद्याला जाते. ते आपल्याला चालतं का? घाण्याच्या ढेपेसारखं ते गोठ्यात थांबत नाही.

आणि स्वस्त तेलाला नावं ठेवायचा हक्क मला किती? 2022 च्या दिवाळीत सरकारनं शंभर रुपयांत आनंदाचा शिधा दिला. रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि एक लिटर पामतेल. आमच्याकडे कामाला येणारी ताई तो लिटर पुरवून पुरवून वापरत होती. त्याच वर्षी इंडोनेशियानं एप्रिल-मेमध्ये निर्यात बंद केली होती, तेव्हा तेलाच्या भावानं तिच्या घरी काय झालं तेही मी पाहिलंय. दुसऱ्या बाजूला आपले शेतकरी. 2024 च्या सप्टेंबरमध्ये कच्च्या तेलावरचा आयात कर वाढवला, 2025 च्या मेअखेर तो 20 वरून 10 टक्क्यांवर आणला. कर उतरला की सोयाबीनवाला रडतो, चढला की ताई रडते.

म्हणून तेल बदलण्यापेक्षा मी आधी तेल मोजलं. आपल्या सहा विगयांत तेल आहे, आणि तळलेलं तर कढाविगय म्हणून वेगळं धरलंय. आयंबिलच्या ओळीत वर्षातून दोनदा नऊ-नऊ दिवस आपण तेलाशिवाय जेवतो आणि काही बिघडत नाही. मी आठवड्यातून दोन दिवस कढाविगय सोडली. चौघांच्या घरात महिन्याला सहा किलो लागायचं, आता साडेतीन लागतं. वाचलेल्या पैशांत लाकडी घाण्याचं करडईचं तेल बसतं. ते महाग आहे, पण तेवढंच लागलं तर परवडतं. बिस्किटं आणि वेफर्सच्या पाकिटामागे मात्र पामोलिन लिहिलेलंच असतं, नातवंडांपुढे तिथे माझी हार आहे.

सामूहिक पारण्याचं कोडं राहिलंय. दीडशे माणसांना करडई म्हटलं तर खर्च दुपटीच्या वर जातो, आणि वर्गणी देणारी सगळी घरं सारखी नाहीत. मंडळात मी विषय काढला तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, तळणच ठेवू नका ना, मुगाची खिचडी-कढी करा. दुसऱ्या म्हणाल्या, आठ दिवस उपवास केलेल्याला पुरी पण नाही का? दोघींचंही बरोबर वाटलं. नातीला मी अजून काही सांगितलं नाही. करडईचा भाव तेवढा विचारून ठेवलाय.