तीन मोसम आणि बारा वर्षं

मॉरिस स्टोक्स हे नाव बास्केटबॉलची आवड असलेल्या माणसालासुद्धा सहसा माहीत नसतं. मायकेल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, कोबी ब्रायंट ही नावं टीव्हीच्या कृपेने आपल्या घरांपर्यंत पोचली. स्टोक्सचा काळ टीव्हीच्या आधीचा नसला, तरी आपल्या टीव्हीच्या खूपच आधीचा. शिवाय एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये तो खेळला जेमतेम तीन मोसम, १९५५ ते १९५८. वयाच्या २४व्या वर्षी त्याचा खेळ संपला आणि ३६व्या वर्षी आयुष्य. मधल्या बारा वर्षांची गोष्ट मैत्रीची म्हणून सांगितली जाते. ती आहेच मैत्रीची. पण मला वाटतं, तिच्यात आणखीही काहीतरी आहे आणि ते सहसा सांगायचं राहून जातं.

आधी त्याच्या खेळाबद्दल.

स्टोक्सचा जन्म १९३३चा, पिट्सबर्गजवळच्या रँकिन गावातला. वडील पोलाद कारखान्यात कामाला. कृष्णवर्णीय कामगाराचा हा मुलगा शिकायला गेला पेनसिल्व्हेनियातल्याच लोरेटो नावाच्या छोट्या गावात, सेंट फ्रान्सिस कॉलेजमध्ये. कॉलेज इतकं लहान की बास्केटबॉलच्या नकाशावर ते कुणाला दिसतही नव्हतं. १९५५ साली न्यूयॉर्कच्या एनआयटी स्पर्धेत हे कॉलेज चौथं आलं आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला स्टोक्स. चौथ्या आलेल्या टीमचा खेळाडू सर्वोत्तम, यावरूनच काय ते समजा! तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात त्यांना हरवलं होतं सिनसिनाटी विद्यापीठाने, आणि त्या टीममध्ये जॅक ट्वायमन नावाचा एक गोरा मुलगा होता. तोही पिट्सबर्गचाच. हे नाव लक्षात ठेवा.

त्याच वर्षी रॉचेस्टर रॉयल्स या टीमने दोघांनाही घेतलं. तेव्हा एनबीएमध्ये सगळ्या मिळून आठ टीम होत्या. कृष्णवर्णीय खेळाडूंना लीगची दारं उघडून पाचच वर्षं झाली होती. स्टोक्सने पहिल्याच सामन्यात न्यूयॉर्कविरुद्ध ३२ गुण केले आणि २० रिबाउंड घेतले. (रिबाउंड म्हणजे नेम चुकून परत आलेला चेंडू उडी मारून ताब्यात घेणं. बघायला सोपं वाटतं, पण खाली चार धिप्पाड माणसं कोपरं मारत उभी असतात.) मोसमाच्या शेवटी तो सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. पुढच्या मोसमात त्याने १२५६ रिबाउंड घेतले, तो तेव्हाचा लीगचा विक्रम होता.

आकडे इथेच थांबवतो, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. उंची सहा फूट सात इंच, वजन शंभर किलोच्या वर, अशा खेळाडूने त्या काळी बास्केटखाली ठाण मांडून बसायचं असा शिरस्ता होता. स्टोक्स चेंडू घ्यायचा आणि स्वतःच टप्पे देत पुढे धावायचा, नाहीतर अचूक पास द्यायचा. १९५७-५८च्या मोसमात तो रिबाउंडमध्येही पहिल्या तिघांत होता आणि असिस्टमध्येही. असिस्ट म्हणजे दुसऱ्याला गुण करता यावा असा पास देणं. हे बुटक्या, चपळ खेळाडूंचं काम. पुढे मॅजिक जॉन्सनमध्ये जगाने जे डोळे विस्फारून पाहिलं, त्याचा मासला स्टोक्सने वीस वर्षं आधीच दाखवला होता. तिन्ही वर्षं त्याची ऑल-स्टार सामन्यासाठी निवड झाली.

१९५७ साली टीमने रॉचेस्टर सोडलं आणि ती सिनसिनाटीला आली. १२ मार्च १९५८ रोजी मोसमातला शेवटचा साखळी सामना मिनियापोलिसला होता. बास्केटकडे झेपावताना स्टोक्स धक्का लागून पडला आणि त्याचं डोकं जमिनीवर आपटलं. तो बेशुद्ध झाला. अमोनियाचा वास देऊन त्याला शुद्धीवर आणलं आणि तो परत खेळायला उतरला.

आज हे वाक्य वाचताना अंगावर काटा येतो. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तीन दिवसांनी डेट्रॉइटला बाद फेरीचा सामना होता, त्यातही तो खेळला. १२ गुण आणि १५ रिबाउंड. सामना हरून टीम विमानाने परत निघाली, आणि वाटेतच त्याची तब्येत एकदम बिघडली. झटके आले, शुद्ध हरपली. हवाई सुंदरीने ऑक्सिजन लावला म्हणून तो जमिनीवर जिवंत पोचला. मेंदूला झालेल्या त्या इजेने शरीराच्या हालचालींवरचा ताबाच हिरावून घेतला. काही काळाने तो शुद्धीवर आला, पण सगळं अंग लुळं आणि वाचा गेलेली. बुद्धी मात्र शाबूत होती. म्हणजे आपलं काय झालंय हे त्याला पुरतं कळत होतं.

आता प्रश्न आला पैशांचा. व्यावसायिक खेळाडू म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कोट्यवधी डॉलर येतात. तेव्हा तसं नव्हतं. मोसम संपला की बरेच खेळाडू पोटापाण्यासाठी दुसरी कामं करत. खेळाडूंना पेन्शन नव्हतं आणि अशा दुखण्यात आयुष्यभर पुरेल असा विमाही नव्हता. स्टोक्सचे थोडेफार पैसे बँकेत होते, पण ते काढायला सही कोण करणार? हात हलत नव्हता. आईवडील पिट्सबर्गला, आणि हा भार पेलण्याच्या स्थितीत ते नव्हते. टीममधले बाकीचे खेळाडू मोसम संपल्यावर आपापल्या गावी पांगले.

सिनसिनाटीत उरला जॅक ट्वायमन.

तेव्हा ट्वायमन २३ वर्षांचा होता. तो स्टोक्सचा सोबती होता, पण सख्खा ना सोयरा. तरी तो कोर्टात गेला आणि स्टोक्सचा कायदेशीर पालक झाला. एका गोऱ्या तरुणाने आपल्यापेक्षा वर्षाने मोठ्या असलेल्या कृष्णवर्णीय माणसाचं पालकत्व घ्यायचं! साल १९५८. नागरी हक्कांचा कायदा व्हायला अजून सहा वर्षं होती. सेंट लुईससारख्या शहरात सामना असला, की एकाच टीममधल्या काळ्या आणि गोऱ्या खेळाडूंना एका हॉटेलात जेवता येत नसे.

ट्वायमनने काय काय केलं याची यादी करायला बसलं तर ती कंटाळवाणी वाटेल, आणि तेच मला महत्त्वाचं वाटतं. एखादा मोठा त्याग एका झटक्यात होऊन जातो. इथे बारा वर्षं बिलं होती, अर्ज होते, वकील होते, सरकारदरबारी खेटे होते. बोलता येत नाही म्हणून ट्वायमन एकेक अक्षर उच्चारायचा, हवं ते अक्षर आलं की स्टोक्स पापणी मिटायचा. असं करत एक शब्द, मग दुसरा. घरी बायको, लहान मुलं, शिवाय स्वतःचा खेळ चालूच. आणि खेळ तरी कसा? १९५९-६०च्या मोसमात ट्वायमनने सामन्यामागे ३१हून अधिक गुणांची सरासरी राखली. लीगच्या इतिहासात तोवर तिशी कुणी गाठली नव्हती. त्याच मोसमात ती गाठणारा दुसरा खेळाडू होता विल्ट चेंबरलेन.

कॅटस्किलच्या डोंगरातल्या मॉन्टिसेलोत कुटशर्स नावाचं एक हॉटेल होतं. दर उन्हाळ्यात तिथे स्टोक्ससाठी मदतीचा सामना भरू लागला. लीगमधले मोठमोठे खेळाडू येऊन खेळत. चेंबरलेन शाळेत असताना याच हॉटेलात सामान उचलायचं काम करायचा. तो आता तारा म्हणून येऊन खेळायचा.

ट्वायमनची मला सगळ्यात भावलेली लढाई मात्र वेगळी आहे. स्टोक्सला झाली ती कामावर असताना झालेली इजा आहे, असा दावा त्याने ओहायो राज्याकडे लावून धरला. म्हणजे कारखान्यात यंत्रात हात सापडलेल्या मजुराला जी नुकसानभरपाई मिळते, तीच बास्केटबॉलपटूलाही मिळायला हवी. आणि ती मिळाली. पोलाद कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा शेवटी कायद्याच्या दृष्टीनेही कामगार ठरला. टाळ्या, शिट्ट्या, सह्या हे सगळं बाजूला केलं, तर हा माणूस पगारावर अंगमेहनत करत होता, हे त्या कागदाने मान्य केलं.

स्टोक्स जिद्दीचा होता. वर्षानुवर्षं व्यायाम करून तो थोडंफार बोलायला लागला, आधार घेऊन पावलं टाकायला लागला, टाइपरायटरवर अक्षरं उमटवायला लागला. ६ एप्रिल १९७० रोजी हृदयविकाराने तो गेला. त्याच्याच इच्छेप्रमाणे त्याला लोरेटोला, आपल्या कॉलेजच्या आवारात पुरलं. १९७३ साली त्याच्यावर सिनेमा निघाला. २००४ साली, म्हणजे मृत्यूनंतर ३४ वर्षांनी, त्याला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. त्याच्या वतीने तो मान स्वीकारायला उभा राहिला सत्तरीचा ट्वायमन. २०१२ साली तोही गेला. त्यानंतरच्या मोसमापासून एनबीए सर्वोत्तम सहकाऱ्याला या दोघांच्या नावाने पुरस्कार देते.

पुरस्कार योग्यच आहे. पण मला एक बारीकसा सल राहतो. ही गोष्ट ऐकून आपण ट्वायमनचं कौतुक करतो, डोळे पुसतो आणि उठतो. सामना संपल्यावर सिनसिनाटीत राहणारा कुणी नसताच, तर? ट्वायमनही सुट्टीत पिट्सबर्गला गेला असता, तर? स्टोक्सचं पुढचं सगळं आयुष्य एका सोबत्याच्या घराच्या पत्त्यावर अवलंबून होतं. ट्वायमन स्वतः म्हणत असे, की मी तिथे होतो म्हणून मी केलं, दुसऱ्या कुणीही केलं असतं. त्यात विनय आहेच, पण 'मी तिथे होतो' हे शब्द मला अस्वस्थ करतात.

स्टोक्स गेल्यावरही कुटशर्सचा सामना बंद पडला नाही. जमलेला पैसा गरजू जुन्या खेळाडूंना जाऊ लागला. म्हणजे असे आणखीही होते, फक्त त्यांची गोष्ट झाली नाही. १९६४ साली बॉस्टनमध्ये ऑल-स्टार सामन्याच्या दिवशी खेळाडूंनी उतरायलाच नकार दिला. टीव्हीवर सामना दाखवायची वेळ होत आली तरी ते खोलीबाहेर येईनात. त्यांची मुख्य मागणी होती पेन्शन. आश्वासन मिळाल्यावरच ते मैदानात उतरले. आणि डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला तपासल्याशिवाय परत खेळवायचं नाही, असं रीतसर धोरण लीगने आणलं २०११ साली. स्टोक्स पडला त्याला तेव्हा ५३ वर्षं झाली होती.

कुणाच्या आजारपणात शेजारी, मित्र, लांबचे भाऊबंद उभे राहतात, तेव्हा आपण म्हणतो, 'माणुसकी अजून आहे.' खरंच आहे, आणि ती असावीच. पण माणुसकीला एकटीने इतकं ओझं उचलावं लागतं, तेव्हा तिच्या पाठीशी जे असायला हवं होतं ते कुठे गेलं, हेही विचारावं. ट्वायमनने विचारलं होतं. म्हणून तर तो वर्गणी गोळा करून थांबला नाही, नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन सरकारच्या दारात गेला. त्याची आठवण काढायची, तर त्या अर्जासकट काढावी.