सांडपाण्यातील सूक्ष्मप्लास्टिकचे मापन

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात येणाऱ्या व तेथून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील, तसेच तेथे साचणाऱ्या गाळातील ५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिककण शोधणे, ओळखणे व मोजणे यास सूक्ष्मप्लास्टिकचे मापन म्हणतात. ५ मिलिमीटर म्हणजे साधारण तुरीचा दाणा. त्यामुळे नावातील ‘सूक्ष्म’ या शब्दाने दिशाभूल होऊ नये. डोळ्यांना सहज दिसणाऱ्या तुकड्यापासून एका मायक्रोमीटरच्या कणापर्यंत सारे या एकाच संज्ञेत येतात आणि मापनातील बहुतेक अडचणी येथूनच उद्भवतात.

नमुना घेणे

केंद्रात येणारे पाणी इतके गढूळ असते की काही लिटरांतच बारीक चाळणी तुंबते. याउलट शुद्ध केलेल्या पाण्यात कण विरळ असल्याने पुष्कळ पाणी गाळावे लागते. चाळणीच्या छिद्रांहून बारीक कण निसटतात, म्हणून छिद्रांचा आकार सांगितल्याशिवाय कणसंख्येला अर्थ नसतो.

प्लास्टिक वेगळे करणे

नमुन्यातील सेंद्रिय द्रव्य हायड्रोजन पेरॉक्साइडने नष्ट करतात. लोहक्षार मिसळल्यास ही क्रिया जलद होते (फेंटन अभिक्रिया). मिश्रण फार तापल्यास नायलॉनसारख्या प्लास्टिकचीही हानी होते. नंतर जड क्षारद्रावणात प्लास्टिक तरंगते व वाळू तळाशी बसते. मिठाचे संपृक्त द्रावण (घनता सुमारे १.२) स्वस्त व निरुपद्रवी असले, तरी पॉलिएस्टर व पीव्हीसी त्यात बुडतात. कपड्यांतून सुटणारे पॉलिएस्टरचे धागे सांडपाण्यात विपुल असल्याने ही उणीव गंभीर ठरते. त्यासाठी झिंक क्लोराइडचे अधिक घन द्रावण वापरतात.

ओळख

केवळ सूक्ष्मदर्शकातून पाहून केलेली मोजणी विश्वसनीय नसते. रंगवलेला सुती धागा प्लास्टिकच्या धाग्यासारखाच दिसतो. अवरक्त वर्णपटमितीने सुमारे १० ते २० मायक्रोमीटरपर्यंतचे कण ओळखता येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली शोधलेल्या परिणामावर आधारित रामन वर्णपटमिती सुमारे १ मायक्रोमीटरपर्यंत पोहोचते. मात्र नमुन्यात उरलेल्या सेंद्रिय द्रव्याच्या प्रतिदीप्तीने तिचा संकेत झाकोळतो. टायरच्या झिजेतून येणारे काळे कण त्यांतील काजळीमुळे अवरक्त पद्धतीतून सहसा निसटतात. तिसऱ्या पद्धतीत नमुना उष्णतेने विघटित करून निघणाऱ्या वायूंचे पृथक्करण करतात. तिच्यातून प्लास्टिकचे वस्तुमान कळते, पण कणांची संख्या व आकार कळत नाहीत.

प्रयोगशाळेतील हवा व संशोधकाचे कपडे यांतूनही धागे पडतात. म्हणून सुती अंगरखा घालतात आणि शुद्ध पाण्याचा कोरा नमुना त्याच प्रक्रियेतून नेऊन त्यातील कण वजा करतात.

ग्लासगोचे उदाहरण

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे क्लाइड नदीत पाणी सोडणाऱ्या, सुमारे ६.५ लाख लोकवस्तीच्या केंद्राचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. येणाऱ्या पाण्यात लिटरमागे सरासरी १५.७ कण, तर बाहेर पडणाऱ्या पाण्यात ०.२५ कण आढळले. म्हणजे ९८ टक्क्यांहून अधिक कण अडले. तरीही दररोजच्या सुमारे २६ कोटी लिटर पाण्यातून नदीत जाणारे कण साडेसहा कोटी भरतात. अडलेले कणही नाहीसे होत नाहीत, ते काढलेल्या तवंगात व गाळात जातात. अशा गाळाचा शेतात खत म्हणून वापर झाल्यास ते जमिनीत पोहोचतात.

प्रमाणीकरण

सूक्ष्मप्लास्टिक विश्लेषणाची सर्वसाधारण तत्त्वे सांगणारे आयएसओ २४१८७ हे मानक २०२३ साली आले. युरोपीय संघाच्या नागरी सांडपाण्याविषयीच्या २०२४ च्या सुधारित निर्देशात सूक्ष्मप्लास्टिकच्या देखरेखीची तरतूद आहे.