शिधावाटप धोरणाचे संशोधन (भारत)

शिधावाटप धोरणाचे संशोधन : अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना सरकारकडून सवलतीत किंवा मोफत दिले जाणारे धान्य कोणाला मिळते, किती मिळते, कोण त्यातून वगळले जाते आणि त्या धान्याने घरातल्या खाण्यात काय फरक पडतो, याचा पद्धतशीर अभ्यास. भारतात या अभ्यासाचा मुख्य विषय सार्वजनिक वितरण व्यवस्था, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘रेशन’. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि पोषणशास्त्र या तिन्ही शाखांचे अभ्यासक त्यात आहेत. मात्र या विषयातली पुष्कळ माहिती रास्त भाव दुकानासमोर रांगेत उभ्या राहणाऱ्या बायांनी आणि त्यांच्या संघटनांनी पुढे आणली, हे आरंभीच नोंदवले पाहिजे. १९७२ नंतर मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींनी काढलेले लाटणे मोर्चे आणि पुढच्या काळातले रेशनिंग कृती समितीचे काम हे या संशोधनाइतकेच धोरणाच्या इतिहासाचे भाग आहेत.

शहरी शिधावाटपाची सुरुवात दुसऱ्या महायुद्धातली. बंगालचा दुष्काळ पडला त्याच १९४३ साली मुंबई शहरात रेशन सुरू झाले. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग स्थापन झाले आणि हमीभावाने खरेदी, गोदामात साठा, राज्यांना नियतन व दुकानातून वाटप ही साखळी उभी राहिली. जून १९९७ पर्यंत कार्ड असलेल्या कोणालाही रेशन मिळे. त्यानंतर दारिद्र्यरेषेखालील आणि वरील असे दोन वर्ग पडले. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची कार्डे आली. वार्षिक उत्पन्न १५ हजार रुपयांपर्यंत असल्यास पिवळे, त्यापुढे १ लाखापर्यंत केशरी आणि त्याहून अधिक असल्यास पांढरे. डिसेंबर २००० मध्ये अतिगरिबांसाठी अंत्योदय योजना आली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काचा खटला उभा राहिला आणि त्याच्या अंतरिम आदेशांनी शालेय पोषण आहारासह अनेक योजनांना कायदेशीर बळ मिळाले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकाला महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो हे त्या कायद्यातले दर. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे.

गरीब कोण, हा प्रश्न या संशोधनाच्या मुळाशी आहे आणि त्याचा पाया पुण्यात घातला गेला. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २,२५० कॅलरी मिळण्याइतका खर्च जे कुटुंब करू शकत नाही ते गरीब, ही त्यांची कसोटी. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून त्यांनी ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली असल्याचे दाखवले. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर गंभीर आक्षेप घेतला : प्रत्येक शरीराची गरज वेगळी असते आणि एकाच व्यक्तीची गरजही दिवसागणिक बदलते, म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरता येत नाही. दांडेकरांनी या मांडणीला सविस्तर उत्तर दिले. हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि आजही वाचावा असा आहे. रेषा थोडी वर किंवा खाली सरकली की कोट्यवधी माणसे रेशनच्या यादीत येतात किंवा बाहेर जातात, हे त्यात लख्ख दिसते.

गळतीचे मापन : गोदामातून निघालेले आणि कुटुंबांपर्यंत न पोहोचलेले धान्य म्हणजे गळती. ती मोजायची सर्वमान्य रीत सोपी दिसते. राज्याने वर्षभरात केंद्राच्या साठ्यातून किती उचल केली हे एका बाजूला मांडायचे. दुसऱ्या बाजूला नमुना पाहणीत कुटुंबांनी रेशनचे म्हणून सांगितलेले धान्य लोकसंख्येच्या प्रमाणात वाढवून लिहायचे. दोन्हींतला फरक ही गळती. या रीतीने रीतिका खेरा यांनी काढलेला देशाचा आकडा १९९९–२००० मध्ये सुमारे २४ टक्के आणि २००४–०५ मध्ये ५४ टक्के होता. २०११–१२ साठी ज्याँ द्रेझ आणि खेरा यांनी सुमारे ४२ टक्के, तर अशोक गुलाटी आणि श्वेता सैनी यांनी ४६.७ टक्के गळती दाखवली.

दोन गटांच्या आकड्यांत अंतर फार नाही. त्यांतून काढलेले निष्कर्ष मात्र परस्परविरोधी आहेत. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या शांताकुमार समितीने लोकसंख्येतील लाभार्थ्यांचे प्रमाण ६७ टक्क्यांवरून ४० टक्क्यांपर्यंत आणावे अशी शिफारस केली, तेव्हा गळती हा तिचा एक मोठा आधार होता. द्रेझ आणि खेरा यांनी त्याच काळात राज्यवार आकडे मांडले. बिहारची गळती २००४–०५ मध्ये सुमारे ९१ टक्के होती. २०११–१२ मध्ये ती २४ टक्क्यांच्या आसपास आली. छत्तीसगडने खासगी दुकाने काढून ती ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि बचत गटांकडे दिली, धान्य दुकानापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी स्वतः घेतली, अधिक घरांना यादीत आणले आणि गळती झपाट्याने उतरली. ज्यांचा हक्कच संदिग्ध होता त्या दारिद्र्यरेषेवरील वर्गाच्या कोट्यात गळती सर्वाधिक होती. आपल्या वाट्याला नेमके किती आहे हे ज्याला ठाऊक नसते तो दुकानदाराशी भांडू शकत नाही. त्यामुळे लाभार्थी कमी करून गळती थांबेल ही शिफारस या पुराव्याशी जुळत नाही; यादी रुंद केल्यावर गळती कमी झाली, हेच राज्यांचे अनुभव सांगतात.

या रीतीच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. उचलीचे वर्ष आणि पाहणीचे वर्ष तंतोतंत जुळत नाही. बाजारातून आणलेले आणि रेशनचे धान्य घरात एकाच डब्यात गेले की महिन्याच्या आठवणीवर दिलेले उत्तर ढिले होते. मिळालेले धान्य कुटुंबाने विकले तर ती गळती नव्हे, तरी आकड्यात ती गळतीसारखी दिसू शकते. सर्वांत मोठी अडचण पाहण्यांच्या खंडाची. २०१७–१८ ची खर्च पाहणी सरकारने गुणवत्तेचे कारण देऊन प्रसिद्धच केली नाही, त्यामुळे कायदा लागू झाल्यानंतरचे दशक जवळपास अंधारात गेले. २०२२–२३ ची पाहणी आल्यावर गुलाटी आणि सहकाऱ्यांनी २८ टक्क्यांचा अंदाज मांडला. जुन्या आकड्यांपुढे तो खूप कमी आहे, तरी एवढे धान्य जाते कुठे हा प्रश्न उरतोच.

वगळले गेलेले : लक्ष्याधारित योजनांत दोन प्रकारच्या चुका होतात. गरज नसलेल्याला लाभ मिळणे ही समावेशाची चूक, आणि गरजूला न मिळणे ही वगळण्याची. जोव्हानी कॉर्निया आणि फ्रान्सेस स्टुअर्ट यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की, शासनांचे लक्ष पहिल्या चुकीवर खिळलेले असते, कारण तिचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो. दुसरीचा खर्च भुकेच्या रूपाने घरात पडतो. नियोजन आयोगाचा २००५ चा मूल्यमापन अहवाल याचे उत्तम उदाहरण आहे. गरिबांना १ रुपया पोहोचवायला सरकार ३ रुपये ६५ पैसे खर्च करते, हे त्यातले वाक्य देशभर गाजले. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांपैकी जेमतेम ५७ टक्के कुटुंबेच व्यवस्थेत सामावली आहेत, हा त्याच अहवालातला निष्कर्ष फार थोड्यांच्या लक्षात राहिला. मधुरा स्वामिनाथन आणि नीता मिश्रा यांनी महाराष्ट्रातल्या एका गावात १९९५ आणि २००० मध्ये केलेल्या पाहण्यांतून वगळणुकीचा हाच दोष गावपातळीवर दाखवला.

महाराष्ट्रात वगळणुकीचे एक रूप ‘इष्टांक’ या सरकारी शब्दात सामावले आहे. कायद्यानुसार राज्यातील ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के, मिळून सुमारे ७ कोटी लोकांची मर्यादा ठरली. ही टक्केवारी २०११–१२ च्या खर्च पाहणीवरून आणि लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवरून घेतली. तालुक्याचा इष्टांक भरला की पात्र कुटुंबालाही कोणाचे तरी नाव कमी होईपर्यंत थांबावे लागते. प्राधान्य कुटुंबासाठी राज्याने ठरवलेली वार्षिक उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपये. ४४ हजार म्हणजे सबंध घराला दिवसाला सुमारे १२० रुपये; दोन माणसे नियमित मजुरीला जाणारे घर या कसोटीने श्रीमंत ठरते. जनगणना जुनी राहिल्याने देशात १० कोटींहून अधिक लोक हक्काबाहेर राहिल्याचा अंदाज द्रेझ, खेरा आणि मेघना मुंगीकर यांनी २०२० मध्ये मांडला होता.

दुसरे रूप अंगठ्याचे. दुकानातल्या विक्री नोंदवणाऱ्या पॉस यंत्रावर अंगठा ठेवून आधारची ओळख पटल्याशिवाय धान्य नाही, ही पद्धत गळती रोखण्यासाठी आली. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी झारखंडमध्ये यादृच्छिक प्रयोगातून तिची तपासणी केली. नुसत्या अंगठ्याने गळती घटली नाही; ज्यांची आधार जोडणी झालेली नव्हती त्यांचा लाभ मात्र घटला. पुढे यंत्रातल्या नोंदीनुसार दुकानांचे नियतन कापले गेले, तेव्हा गळती कमी झाली आणि लाभार्थ्यांचेही नुकसान झाले. धोरणाचा हेतू कितीही रास्त असो, त्याची किंमत कोणी मोजली हे विचारल्याशिवाय मूल्यमापन पूर्ण होत नाही, हे या अभ्यासाने सप्रमाण सिद्ध केले.

धान्य की रोख, हा वाद महाराष्ट्रात प्रत्यक्ष तपासता येतो. छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती विभाग व वर्धा अशा शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून सवलतीत धान्य मिळत होते. जानेवारी २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात देण्याचे ठरले; नंतर ते १७० झाले. ५ किलो धान्याचा बाजारभाव वाढला तरी रक्कम आपोआप वाढत नाही, आणि बँक गावात नसेल तर येण्याजाण्याचे भाडे व बुडालेली मजुरी त्यातूनच जाते. रोख रकमेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या दोन गोष्टींचा हिशेब आधी मांडावा.

पोषणावरील परिणाम सिद्ध करणे सर्वांत अवघड, कारण मुलाची वाढ पाणी, आजार, आईचे आरोग्य आणि उत्पन्न यांवरही अवलंबून असते. आदित्य श्रीनिवास आणि सहकाऱ्यांनी आठ राज्यांतील गावांत तीच कुटुंबे वर्षानुवर्षे पाहून, अन्न सुरक्षा कायद्यामुळे वाढलेल्या धान्याने मुलांची खुंटलेली वाढ कमी झाल्याचे दाखवले आहे. धान्यावर वाचलेला पैसा डाळी, दूध, अंडी अशा खाण्याकडे वळला, हे त्यामागचे एक कारण. गहू-तांदळाच्या पलीकडे रेशनमध्ये डाळ, तेल, ज्वारी-नाचणी नियमित का नसावी, या प्रश्नाला त्यामुळे जोर येतो. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) आढळले.

क्षेत्रकार्यात शिधापत्रिकेवरील नावे, पॉस यंत्राची पावती आणि घरात प्रत्यक्ष आलेले वजन या तिन्हींचा मेळ घालणे ही विश्वासार्ह रीत. कार्डनिहाय वाटपाची नोंद आता संकेतस्थळावर पाहता येते, त्यामुळे हे काम पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. पण नमुना कार्डधारकांच्या यादीतून निवडला तर ज्यांच्याकडे कार्डच नाही ते मुळातच सुटतात : पाल-झोपडीत राहणारे वीटभट्टी कामगार, ऊसतोड मजूर, एकट्या राहणाऱ्या परित्यक्ता, पदपथावरची कुटुंबे. म्हणून यादी वस्तीतील घरांची करावी, कार्डांची नव्हे.

२०२१ ची जनगणना झाली नाही. नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन जाहीर झाला आहे, आणि तिचे आकडे येईपर्यंत अन्न सुरक्षा कायद्याच्या लाभार्थीसंख्येचा आधार २०११ ची लोकसंख्या हाच आहे.