उपचारानंतरचा रुग्ण : मुंबईतील कर्करोगसेवेच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण (विशेष संदर्भ : गोरेगाव)

मुंबईतील कर्करोगसेवेचा इतिहास बहुधा इमारती आणि यंत्रसामग्री यांच्या आधारे सांगितला जातो. लेडी मेहरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पुढे परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. हा क्रम सर्वपरिचित आहे. उपचार संपवून घरी परतलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र या इतिहासात फार उशिरा येतो. प्रस्तुत लेखात गोरेगावसारख्या उपनगराच्या दृष्टीने त्याचा विचार केला आहे.

१९५१ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू केली. ही नोंदणी नवे रुग्ण आणि मृत्यू मोजते. त्यावरून रुग्ण किती वर्षे जगला हे काढता येते. तो कसा जगला हे कळत नाही. भाषेनेही त्याला जागा दिलेली नाही. मराठी वृत्तपत्रांतील ‘दीर्घ आजाराने निधन’ या शब्दप्रयोगाने अनेकदा रोगाचे नाव झाकले, तर ‘कर्करोगावर मात’ या शब्दप्रयोगाने लढाई संपल्याचा समज दृढ केला. वस्तुतः जबडा पुरता न उघडणे, शस्त्रक्रियेनंतर हाताला येणारी सूज, वंध्यत्व, रोग उलटण्याची धास्ती आणि मुलीच्या लग्नात आजार सांगावा की लपवावा ही विवंचना उपचारानंतरच डोके वर काढते.

परगावच्या रुग्णासाठी मुंबईने काही सोय केली. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा हे त्याचे ठळक उदाहरण होय. गोरेगावचा रुग्ण मात्र लोकलने त्याच दिवशी घरी परततो, त्यामुळे तो कोणत्याच धर्मादाय व्यवस्थेच्या नजरेत भरत नाही. पोटावर मलविसर्जनाची पिशवी लावलेल्या माणसाला सामायिक शौचालयाच्या चाळीत दिवस कसे काढावे लागत असतील, याची कल्पना रुग्णालयाच्या कागदपत्रांवरून येणे कठीण आहे. उपनगरी गाडीतील अपंगांच्या डब्यात कर्करोगग्रस्तांना प्रवासाची मुभा आहे. पण बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या प्रवाशाला तेथे आपला आजार सिद्ध करावा लागतो.

या पार्श्वभूमीवर १९९१ हे वर्ष महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी टाटा स्मारक रुग्णालयात बालपणी कर्करोग झालेल्यांसाठी उपचारोत्तर तपासणीचा स्वतंत्र दवाखाना सुरू झाला. काही औषधांचा हृदयावर आणि मेंदूवरील किरणोपचारांचा वाढीवर व बुद्धीवर होणारा परिणाम वर्षांनंतर दिसू शकतो, हे त्यामागचे कारण. पुढे २००९ मध्ये अशाच बरे झालेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने उभा राहिला. अमेरिकेत फिट्झ्यू मुलान या कर्करोगातून वाचलेल्या डॉक्टरने १९८५ मध्येच, उपचारानंतरचा काळ हा स्वतंत्र टप्पा मानावा, असे मांडले होते. मुंबईतील प्रयत्न त्या मानाने फार मागे नव्हता. परंतु तो प्रामुख्याने मुलांपुरता राहिला. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या प्रौढांच्या वाट्याला मुख्यतः ठरावीक मुदतीची तपासणी आली.

येथे कुष्ठरोगाशी तुलना उद्बोधक ठरते. अमरावतीचे तपोवन आणि वरोऱ्याचे आनंदवन यांनी बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रोजगाराचा व प्रतिष्ठेचा प्रश्न उपचाराइतकाच मोठा मानला. त्याच विचाराचे प्रतिबिंब कायद्यातही पडले : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत कुष्ठरोगमुक्त व्यक्तीचा स्वतंत्र उल्लेख आहे. कर्करोगमुक्ताचा नाही. अवयव गमावला असेल तर तो त्या अपंगत्वाखाली येतो. थकवा, विस्मरण वा भीती यांची तेथे गणना नाही. जुलै २०१२ मध्ये मुंबईसह ८ जिल्ह्यांत सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेत ९७१ उपचार आणि १२१ पाठपुरावा सेवा होत्या. ही योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. तिची आखणी उपचाराच्या प्रकारांवर झाली आहे. गोरेगावला परतलेल्या रुग्णाची गाऱ्हाणी अशा यादीत सहजासहजी बसत नाहीत, आणि परळच्या तपासणीची पुढची तारीख येईपर्यंत ती ऐकण्याचे काम घरच्या बाईकडेच राहते.